परीक्षेला बसलेले मासे

आमच्या सासरच्या गोतावळ्यात कुणी डी.एड.ला बसलं होतं, कुणी बँकेच्या परीक्षेला. एक चुलतदीर तर तलाठ्याच्या परीक्षेला इतक्यांदा बसला होता की तो तिथेच राहतो की काय असं वाटायचं. गटाराच्या परीक्षेला बसलेली मी पहिलीच. तसं त्या परीक्षेचं नाव भारदस्त होतं, औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया आणि पर्यावरण व्यवस्थापन, पण ते आमच्या वाणगावच्या वाडीत एका दमात कुणाला घेता यायचं नाही. सासूबाई मिरच्या तोडायला आलेल्या बायांना सरळ सांगायच्या, "आमची सूनबाय गटाराची परीक्षा देते हाय." मग त्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या की मी काहीतरी करून ठेवलंय आणि त्याची ही शिक्षा आहे.

नव्वदीची सुरुवात होती. मी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. त्या काळात आमच्या भागात कुठल्या कारखान्यात आज काय शिजतंय ते नाल्यावरून कळायचं आणि कोण कुठल्या नाल्यात बसून आलंय ते कुत्र्यांवरून. आमच्या गेटवरचं कुत्रं आठवड्याच्या सुरुवातीला गुलाबी असायचं आणि शेवटी शेवटी जांभळं व्हायचं. पांढरं मी त्याला फक्त दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहिलं, आणि तेव्हा ओळखलंच नाही.

अख्ख्या कारखान्यात बाई मी एकटी. घरी मी सून होते, वाडीत मोठ्या घरची सून होते, नवरा पालघरच्या कोर्टात कारकून म्हणून तिकडे 'कोर्टातल्यांची मिसेस' होते. कारखान्याच्या गेटातून आत शिरलं की मात्र मी केमिस्ट होते, आणि ते मला फार आवडायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, काय त्या वासात आवडण्यासारखं.

एक दिवस मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब शुद्ध शाकाहारी, बारीक अंगाचे, आणि कुठलीही वाईट बातमी हसत सांगायची त्यांची पद्धत. म्हणाले, "मॅडम, वरून फर्मान आलंय. सांडपाण्याच्या प्लँटवर आता सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे. तुम्ही परीक्षा द्या. पास झालात तर प्लँट तुमचा, इन्चार्ज तुम्ही."

"आणि नाही झाले तर?"

साहेब आणखी हसले. "तर वापीहून एक तयार माणूस मिळतोय. केमिस्टच आहे. मग लॅबला दोन केमिस्ट कशाला?"

म्हणजे पास हो, नाहीतर घरी बस. मी बाहेर आले ती डोकं तापवूनच. त्याच तिरीमिरीत कामाला लागले.

अभ्यासाला वेळ कुठून काढायचा? सकाळी डबे, मग बोईसरची शटल गाडी, दिवसभर लॅब, संध्याकाळी पुन्हा शटल, आणि घरी आल्यावर चूल. तेव्हा मी जमेल तिथे पाठांतर करायचे. वाणगाव स्टेशनच्या बाकावर, कारखान्याच्या बसमध्ये, करंदी सोलताना. पुस्तकं इंग्रजी आणि विटेसारखी जाड. रविवारी दुपारी मी ओट्यावर बसून एकेक धडा मराठीत मोठ्याने म्हणायला लागले, म्हणजे डोक्यात राहील. सासूबाई शेजारी मिरच्यांची देठं काढत बसायच्या. दोन रविवारांत त्यांना त्याची गोडी लागली. पोथी ऐकायला बसावं तशा त्या बसायच्या आणि मागचा धागा त्यांच्या बरोबर लक्षात असायचा.

"मागल्या रविवारी ते जंतू टाकीत सोडलेले, त्यांचा पुढं काय झाला?"

"ते पाण्यातली घाण खातात, आई. खाऊन खाऊन जड होतात आणि तळाशी बसतात."

"आपल्या मोठ्या जावयासारखे," सासूबाई म्हणाल्या आणि देठं काढू लागल्या.

बीओडी म्हणजे काय ते मी त्यांना एकदाच सांगितलं, की घाण कुजवायला पाण्याला किती हवा लागते, म्हणजे पाण्याला हवेची भूक किती, त्याचं ते माप. झालं. पुढे आठ दिवस त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूचा बीओडी काढला. आंबलेली पेज, नवऱ्याचे मोजे, शेजारणीच्या घरचं लोणचं. शेजारीण माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती, कारण तिला वाटलं ही शिवी मी घरी शिकवली.

नवऱ्याचाही हातभार होता. जुनी प्रश्नपत्रिका हातात घेऊन तो मला प्रश्न विचारायचा. तिसऱ्या प्रश्नाला त्याला झोप लागायची. कोर्टात इतकी वर्षं काढल्याने लांब उत्तर सुरू झालं की डोळे मिटायची त्याला सवयच होती.

लेखी पेपर बरे गेले. उरला प्रयोग आणि तोंडी परीक्षा. प्रयोग प्रत्येकाने आपापल्या कारखान्यात करायचा, त्याचा अहवाल लिहायचा, त्यावर कारखान्याची सही आणि शिक्का घ्यायचा, आणि तो घेऊन मुंबईला तोंडीला जायचं. सहीशिवाय तोंडी नाही. माझ्या वाट्याला माशांची चाचणी आली. कारखान्यातून साफ होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासे सोडायचे आणि चार दिवस बघायचं, जगतात की मरतात.

मी मनातल्या मनात खूश झाले, कारण आमच्या प्लँटच्या शेवटच्या टाकीत मासे होतेच. प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला आले की त्यांना आधी ती टाकी दाखवायची रीत होती. साहेब डोकावायचे, मासे फिरताना बघायचे, मान डोलवायचे आणि चहाला जायचे. माझं काम लॅबमध्ये, त्यामुळे मीही ती टाकी तपासणीच्याच दिवशी पाहिलेली.

ही टाकी सांभाळायचे ते प्लँटचे ऑपरेटर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा घिवलीकडचे, पिढीजात मच्छीमाराच्या घरातले. पण बोटीवर पाय ठेवला की त्यांना उलट्या व्हायच्या. भावांनी समुद्र घेतला, मामांनी कंपनी घेतली. गप्पांना भारी, मानाला हळवे, आणि आपल्या प्लँटवर कुणी बोट ठेवलेलं त्यांना चालायचं नाही.

मासे मी घरूनच आणले. आमच्या वाडीतल्या विहिरीत हिवतापवाल्यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडले होते. नखाएवढे, मळकट, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असे. सासूबाईंचा मात्र त्यांच्यावर जीव. पाणी शेंदताना त्या आधी हाक मारायच्या, म्हणजे मासे बाजूला होतील. मी डब्यात मासे घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "परत आन हां त्यांना." मी हो म्हटलं. काय बोलत होते कुणास ठाऊक.

प्लँटजवळच्या पडवीत मी काचेच्या दोन पेट्या मांडल्या. एकीत कारखान्याचं साफ केलेलं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्हीत सारखे गप्पी सोडले. शटलची वेळ झालेली, मी मामांना म्हटलं, "मामा, जरा लक्ष ठेवा, माझी परीक्षा आहे." मामा छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुमी बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर विहिरीच्या पाण्यातले गप्पी होते तसे होते. आणि कारखान्याच्या पाण्यातले मासे एका रात्रीत बोटाएवढे झाले होते. चंदेरी, गुबगुबीत, ऐटीत फिरत होते.

मी पेटीसमोर उकिडवी बसले ती बसलेच. तेवढ्यात मॅनेजर साहेब फेरीवर आले. त्यांनी एक पेटी पाहिली, दुसरी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, आपल्या पाण्यात मासे वाढतात? विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त?"

"साहेब, काहीतरी घोटाळा आहे."

"तुम्ही शिकलेले लोक फार संशयी," असं म्हणत ते केबिनकडे पळाले. त्यांनी मालकांना फोन लावला. तासाभरात स्टेशनजवळच्या स्टुडिओतून फोटोग्राफर आला आणि माझ्या पेटीचा फोटो काढून गेला. फोटोत मासे, मागे मॅनेजर साहेब, आणि कोपऱ्यात माझी अर्धी साडी.

मी प्लँटवर गेले. मामा पंपाला तेल घालत होते.

"मामा, माझे मासे कुठायत?"

"ते काय, पेटीत."

"ते माझे नाहीत."

"तुमचेच. तुमच्यासाठीच तर आनले."

मग सगळं बाहेर आलं. माझे गप्पी मी गेटबाहेर पडले तेवढ्यात उलटे झाले होते. मामांनी घरी निरोप धाडून खाडीतले बोईट मागवले, आणि तेही मरू नयेत म्हणून रात्रभर बादलीत ठेवून सकाळी मी यायच्या आधी पेटीत सोडले. "बारके मासे बरे नाय दिसत बाई. परीक्षेला कसे, जरा अंगानं बरे पायजेत." आणि हे काही ते पहिल्यांदा करत नव्हते. तपासणीचा सुगावा लागला की मामा आदल्या दिवशी घरून कॅनमधून बोईट आणायचे आणि साहेबांची गाडी गेटात शिरली की टाकीत सोडायचे. वर्षानुवर्षं. साहेबांचा चहा संपेपर्यंत ते जगायचे. "आजवर एक पन साहेब नाराज होऊन गेला नाय," मामा म्हणाले. "कंपनीसाठी करतो, मग तुमच्या परीक्षेला नाय करनार? तुमी काय परक्या?"

माझा संताप संताप झाला. "मामा, मी नापास होईन ना अशानं."

"जिवंत माशांनी कोन नापास होतं?" मामांनी अगदी मनापासून विचारलं.

मी तणतणत लॅबमध्ये आले आणि दार लावून घेतलं. परीक्षेची काळजी होतीच, पण त्याहून मला लाज वाटत होती. आमचं पाणी मासे मारत होतं आणि मी इतके दिवस त्याच्याखाली 'ठीक' लिहून सही करत होते, कारण पुस्तकातली बाकी सगळी मापं खरोखरच ठीक येत होती. मग मासे का मरत होते?

पुन्हा चाचणी करायची तर कारखान्यात नको. मामांच्या मायेपुढे कुलूपही टिकलं नसतं. रात्रपाळीला बाईला थांबता यायचं नाही. तेव्हा मी ठरवलं, पाणी घरी न्यायचं.

शेवटच्या टाकीजवळ दोन मोठे कॅन भरले, झाकणं घट्ट लावली, आणि नवऱ्याला बोईसर स्टेशनवर बोलावून घेतलं. आम्ही शटलमध्ये चढलो. पाण्याला किंचित पिवळी झाक होती आणि झाकणातून उग्र वास येत होता. डब्यातले लोक आधी कॅनकडे बघायचे, मग माझ्याकडे. समोरच्या म्हाताऱ्याने नवऱ्याला हळूच विचारलं, "ताजी हाय का शिळी?" आमच्याकडे कॅनमधून जाणारी वस्तू एकच, ताडी. नवरा म्हणाला, "सांडपाणी आहे, कारखान्याचं." म्हातारा म्हणाला, "आसंल, आसंल," आणि डोळा मारला. वाणगावला उतरताना पोलिसाने अडवलं. त्याने झाकण उघडून जोरात श्वास घेतला, आणि पुढची पाच मिनिटं तो बिचारा डोळे पुसत बाकावर बसून होता. कोर्टातल्या माणसाला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाला पाणी पाजावं लागलं, आणि तेही साधं.

घरी ओट्यावर प्लास्टिकच्या टबात ते पाणी ओतलं. सकाळी विहिरीतून नवे गप्पी काढून त्यात सोडले. सासूबाईंना निक्षून सांगितलं, "आई, इथे बसायचं. कुणालाही हात लावू द्यायचा नाही. मामा आले तरी नाही."

"मी हाय ना," सासूबाई म्हणाल्या. काठी घेऊन बसल्या.

दिवसभर लॅबमध्ये माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी धावत घरी आले. मासे टबात मजेत फिरत होते. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशीही जिवंत, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी टबाभोवती जवळजवळ नाचलेच. कारखान्याचं पाणी चांगलं होतं तर. मामांच्याच हाताला काहीतरी लागलं असणार. मी अहवाल लिहायला बसले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, पास झाले समजा."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग एकदम रडायलाच लागल्या. "माझ्या पायी तुझी परीक्षा बुडाली काय गो?"

झालं होतं असं. पहिल्या दिवशी माझी पाठ वळली आणि मासे आडवे होऊन तडफडायला लागले. सासूबाईंना बघवेना. त्यांनी ते ओंजळीने काढून घागरीतल्या विहिरीच्या पाण्यात ठेवले. विषारी टब डोळ्यांसमोर नको म्हणून मिरच्या तोडणाऱ्या बाईला हाताशी धरून तो अंगणात, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पलीकडे ओढून नेला. दिवसभर तो तिथे उन्हात पडून होता. संध्याकाळच्या शटलची शिटी झाली तशी त्यांना माझी भीती वाटली. त्यांनी टब परत ओट्यावर आणला, देवाचं नाव घेतलं आणि मासे पुन्हा त्यात टाकले. "वाटला, तू येईपर्यंत तरी काढतील. तर ते जगलेच की गो."

मी आधी भडकले. एकीकडे मामा, एकीकडे ह्या. सगळ्या जगाने मला पास करायचं ठरवलं होतं आणि त्यातच मी बुडणार होते. काय काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवू नये. मग बोलता बोलता मी थांबले.

"आई, टब उन्हात किती वेळ होता?"

"सांगितला ना, दिसभर."

उन्हात ठेवल्यावर पाण्यातून काय जातं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी उन्हातलं पाणी बाटलीत घेऊन कारखान्यात गेले. रंगाच्या कारखान्यात स्टार्च-आयोडाइडच्या कागदाशिवाय पान हलत नाही. क्लोरीन असलं की तो कागद निळाकाळा होतो. उन्हातल्या पाण्यात बुडवला, पांढराच राहिला. शेवटच्या टाकीतल्या ताज्या पाण्यात बुडवला, तर टेकवताच काळा.

मी मामांना विचारलं, "पाण्याचा रंग घालवायला हायपो टाकता ना?" हायपो म्हणजे ब्लीचिंगचं पाणी, कपड्यांवरचे डाग काढायचं असतं तसलंच, पण कितीतरी जालीम.

"टाकतो ना. रोजच टाकतो. पन त्या दिवशी तुमची परीक्षा म्हनून दोन कॅन वर ओतला. पानी कसं चकाचक झालेलं, नाय?"

पाणी दिसायला चकाचक व्हावं म्हणून आम्ही त्यात हायपो ओतत होतो, आणि त्या चकाचकपणाने मासे मरत होते. आमची लॅब बाकी सगळं मोजायची, क्लोरीन मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला मामांना झोडावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं, मी त्यांना चहा पाजला.

मग मी रीतसर प्रयोग केला. अंगणात तीन टब. एकात ताजं पाणी, एकात दिवसभर उन्हात ठेवलेलं, एकात विहिरीचं. सासूबाईंनी आधीच जाहीर केलं की आपल्याच्याने हे बघवणार नाही, आणि त्या सफाळ्याला लेकीकडे निघून गेल्या. ताज्या पाण्यातले मासे मेले. बाकीचे दोन्हीकडचे चारही दिवस जगले. मी सगळं लिहिलं आणि सहीला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदा हसायचे थांबले. "मेले असं लिहिलंय तुम्ही."

"मेले म्हणून लिहिलंय."

"फोटो कुठाय?"

"तो नाही लावला."

"मॅडम, मालकांनी तो फोटो ऑफिसात लावलाय. तुम्ही फोटो लावा, मासे वाढले असं लिहा, मी आत्ता सही करतो. नाहीतर नाही करत."

सही नाही तर तोंडी नाही, तोंडी नाही तर वापीचा माणूस. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. रडायला येत होतं, पण त्या माणसापुढे मी रडले असते तर आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं. आणि मग मला आठवलं की साहेबांनी जन्मात मासा खाल्लेला नाही.

"साहेब, विहिरीतले मासे गप्पी आहेत. फोटोतले बोईट आहेत. मुंबईचा परीक्षक मासे खाणारा निघाला तर?"

"का? वेगळे दिसतात?"

"माझ्या सासूने फोटो उलटा धरला तरी ती सांगेल."

साहेबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मासा म्हणजे मासा अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ड्रॉवरमधून फोटोची दुसरी प्रत काढली, डोळ्यांजवळ धरून निरखली, आणि विचारलं, "मालक खातात हो. मालकांना कळलं असेल?"

"त्यांनी काही विचारलं का?"

"हसले होते," साहेब म्हणाले. मग त्यांनी पेन उचललं. सही करताना एवढंच म्हणाले, "म्हणजे हायपो कमी लागणार ना यापुढे?" मी हो म्हटलं. शिक्का त्यांनी स्वतःच मारला, जरा जोरातच.

तोंडीला परीक्षक होते ते जाड भिंगाचे, पान खाणारे, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझा अहवाल चाळला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या कारखान्यात माशांची टाकी आहे?"

"आहे."

"मासे जिवंत असतात?"

खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, आणि खरं बोलायची छाती नव्हती. तोंडातून निघून गेलं, "साहेब येणार असले की असतात."

परीक्षकांनी भिंगावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "मी पण गेलोय बाई अशा टाक्या बघायला. दर वेळी मासे कसे अगदी टवटवीत. मला वाटायचं, घरी दोन न्यावेत." हसून झाल्यावर त्यांनी मला पाऊण तास पिळून काढलं. क्लोरीन, ऊन, मापं, पुन्हा क्लोरीन. शेवटी म्हणाले, "हे उन्हाचं कुणाला सुचलं?"

"कुणाला नाही सुचलं. माझ्या सासूला मासे मरताना बघवलं नाही."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

मी पास झाले. सासूबाईंनी वाडीत चिकू वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की गटाराच्या परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. वापीचा माणूस वापीलाच राहिला. मी इन्चार्ज झाले आणि पहिलं काम केलं ते हायपो कमी करायचं. शेवटच्या टाकीच्या आधी एक उथळ, उघडी टाकी बांधून घेतली, पाणी दिवसभर तिथे उन्हात राहील अशी, आणि कागद पांढरा राहिल्याशिवाय पाणी पुढे सोडायचं नाही असा नियम केला. मग घरच्या विहिरीतले गप्पी आणून शेवटच्या टाकीत सोडले. ते जगले. पुढे त्यांना पिल्लं झाली. मामा रोज सकाळी टाकीत डोकावून मान हलवत म्हणायचे, "बाई, खरं सांगा, रात्रीत कोन बदलतो?"

तपासणीचा दिवस आला. मामा सवयीने घरून कॅन घेऊन आले. कॅनमध्ये बोईट.

"मामा, आता कशाला? टाकीत बघा की."

मामांनी टाकीत पाहिलं, मग कॅनमध्ये पाहिलं. वर्षानुवर्षांचं काम हातातून गेल्यावर माणूस जसा उभा राहतो तसे उभे राहिले. मला वाईट वाटलं. म्हटलं, "घेऊन जा संध्याकाळी, खाडीत सोडून द्या. जगू देत."

"खाडीत?" मामा म्हणाले. "बाई, हे आपल्या खाडीचे नाय. खाडीत आता बोईट नाय घावत. मागल्या बारीपासून भाऊ लांबच्या खाडीतून आनतो. आपल्या खाडीत आपलं एकट्याचं पानी जातं काय? सगळ्यांचंच जातं. आपल्याच टाकीत सोडा, इथं जगतील."

सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनच्या भिंतीवर लावलं होतं, त्याचा मला आठवडाभर फार अभिमान वाटत होता. मी मामांच्या हातून कॅन घेतला आणि बोईट टाकीत सोडले. ते गप्प्यांमधून सरळ तळाशी गेले.

थोड्या वेळाने तपासणीच्या साहेबांची गाडी आली. साहेब रीतीप्रमाणे आधी टाकीपाशी आले, डोकावले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मासे ओळखणारे असावेत. "यातले हे मोठे कुठले?"

मॅनेजर साहेब माझ्याकडे बघायला लागले. मामाही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मामा, खरं काय ते सांगा."

मामांनी टोपी सारखी केली.

"खाडीचे हायत, साहेब," ते म्हणाले. "आता इथं राह्यला आलेत."